आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटन, मराठवाड्यातील

एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी ठराविक नियमांनुसार परस्परांत क्रीडास्पर्धा भरविण्यासाठी केलेल्या कायमच्या व्यवस्थेस आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटन म्हणता येईल. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, अशी संघटना म्हणजे महाविद्यालयांनी स्वेच्छेने स्थापन केलेले मंडळ असते. त्याचे सदस्यत्व अर्ज करून मिळवावे लागते व ते सोडताही येते. भारतात ही व्यवस्था विद्यापीठाच्या कायद्यातून निर्माण झाली असून तिचे सदस्यत्व संलग्नतेबरोबर आपोआप प्राप्त होते. ह्या एका भेदामुळे दोन्हीकडील लहान महाविद्यालयांचा क्रीडाविषयक इतिहास अगदी वेगवेगळ्या दिशांनी घडलेला दिसतो. मराठवाड्यात, त्यातही नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली ह्या जिल्ह्यांत, ह्या व्यवस्थेचे क्षेत्र राजकीय व शैक्षणिक घडामोडींनुसार वारंवार बदलत गेले. हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने कोणाशी खेळावे, हे प्रथम हैदराबादने, नंतर औरंगाबादने व अखेरीस नांदेडने ठरविले, असे थोडक्यात म्हणता येईल. तथापि पहिल्या टप्प्यात हदगावला महाविद्यालयच नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

पार्श्वभूमी : महाविद्यालयीन सामन्यांची आधुनिक परंपरा इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांपासून सुरू होते. त्यांच्यातील पहिला क्रिकेट सामना १८२७ मध्ये व पहिली नौकाशर्यत १८२९ मध्ये झाली. अमेरिकेत लहान महाविद्यालयांनी ह्या बाबतीत मोठ्या विद्यापीठांच्या आधी पाऊल टाकले. मिशिगन राज्यातील महाविद्यालयांची संघटना १८८८ मध्ये स्थापन झाली, तर पुढे ‘बिग टेन’ ह्या नावाने प्रसिद्धीस आलेली मोठ्या विद्यापीठांची संघटना १८९६ मधील आहे. अमेरिकन फुटबॉलमधील जीवघेण्या दुखापतींमुळे उठलेल्या गदारोळातून १९०६ मध्ये राष्ट्रीय स्वरूपाची नियामक संस्था निर्माण झाली. तीत मोठ्या विद्यापीठांचाच वरचष्मा राहतो, असे लहान महाविद्यालयांस वाटू लागले. त्यांच्यासाठी १९३७ मध्ये कॅन्झस सिटी येथे स्वतंत्र बास्केटबॉल स्पर्धा भरविण्यात आली व तीतूनच १९४० मध्ये एक निराळी संघटना उभी राहिली. १९५२ पासून ती सर्व खेळांसाठी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ इंटरकॉलिजिएट ॲथ्लेटिक्स’ ह्या नावाने काम करू लागली. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना सदस्यत्व देणारी ही तेथील पहिली राष्ट्रीय संघटना होय (१९५३). जुन्या राष्ट्रीय संस्थेनेही १९७३ मध्ये सदस्यांचे तीन वर्ग पाडले. लहानांनी लहानांशीच खेळावे, हे तत्त्व अशा रीतीने तेथे मान्य झाले. भारतात मात्र हे तत्त्व कधीच रुजले नाही. येथे शहरातील कित्येक हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय व खेड्यातील दोन-तीनशे विद्यार्थ्यांचे महाविद्यालय एकाच कार्यक्रमपत्रिकेत समोरासमोर येतात.

भारतातील आंतरविद्यापीठीय स्पर्धांना क्रिकेटपासून प्रारंभ झाला. रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू झाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाने १९४०-४१ च्या सुमारास क्रीडाविषयक स्वतंत्र मंडळ नेमले व विविध खेळांच्या स्पर्धा त्याच्या देखरेखीखाली होऊ लागल्या. सर्व स्पर्धांत मिळून उत्कृष्ट ठरणाऱ्या विद्यापीठास देण्यात येणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ मध्ये ठेवण्यात आला. आंतरविद्यापीठ मंडळाचे १९७३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. ह्या संघाने देशाचे विभाग पाडले असून मराठवाड्यातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. महाविद्यालय, विद्यापीठ, विभाग व अखिल भारतीय पातळी अशी ही चढती शिडी असून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही तिची सर्वांत खालची, पण सर्वांत रुंद पायरी होय.

हैदराबाद संस्थानचा काल : १९४८ पर्यंत मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली व तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथील १९२३ मध्ये सुरू झालेले इंटरमीजिएट कॉलेज हाच काय तो अपवाद होय. नांदेड वा लातूरकडील ज्या थोड्या विद्यार्थ्यांस पुढे शिकणे शक्य होई, ते हैदराबादला वा संस्थानाबाहेर पुणे, नागपूर अशा ठिकाणी जात. हैदराबाद शहरात हॉकी, फुटबॉल, टेनिस व क्रिकेट ह्या खेळांचे वातावरण संपन्न होते. रणजी करंडक स्पर्धेतील पहिले शतक (१९३४-३५) हैदराबादच्या सय्यद मोहंमद हादी ह्यांच्या नावावर आहे. परंतु ही समृद्धी राजधानीपुरतीच मर्यादित होती. मराठी मुलखात तिचा फारसा प्रसार झाला नाही. उलट, सभा-संमेलने, खाजगी शाळा व आखाडे ह्यांकडे संस्थानी शासन संशयाने पाहत असे व त्यांवर नाना प्रकारचे निर्बंध होते. त्यामुळे ब्रिटिश मुलखातील महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले आणि त्याच वर्षी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, तशा स्वरूपाची संघटित चळवळ मराठवाड्यात उभी राहू शकली नाही. गावोगावी हुतुतू, आट्यापाट्या व कुस्ती हे खेळ चालत. पण ते जत्रेच्या व सणावारांच्या निमित्ताने, लेखी नियमांवाचून.

उस्मानियाशी संलग्न महाविद्यालये : संस्थानाच्या विलीनीकरणानंतर (१७ सप्टेंबर १९४८) परिस्थिती झपाट्याने पालटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज नांदेड येथे सुरू झाले. ही महाविद्यालये प्रारंभी उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांचे क्रीडाविषयक संबंधही हैदराबादशीच होते. एका बाजूस निजाम कॉलेजसारखी (स्थापना १८८७) जुनी, विस्तीर्ण मैदाने असलेली संस्था व दुसऱ्या बाजूस नुकत्याच जन्मलेल्या, भाड्याच्या वा तात्पुरत्या इमारतींतील संस्था अशी ही विषम जोडी होती. १९५६ मध्ये भाषिक राज्यपुनर्रचनेनुसार मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बीदर, भालकी हा भाग म्हैसूर राज्याकडे गेला, तर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेला किनवट तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. राज्याची सीमा बदलली, तरी विद्यापीठाची सीमा बदलण्यास आणखी दोन वर्षे जावी लागली.

मराठवाडा विद्यापीठ : २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू होत. मराठवाड्यातील तत्कालीन पाचही जिल्हे (औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद) त्याच्या कक्षेत आले आणि मराठी भाषकांच्या ह्या प्रदेशास प्रथमच स्वतःचे क्रीडाक्षेत्र लाभले. पुढील पंधरा वर्षांत महाविद्यालयांची संख्या वेगाने वाढली. औरंगाबादचे देवगिरी महाविद्यालय (१९६०), लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१), उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय (१९६२), नांदेडचे यशवंत महाविद्यालय व सायन्स कॉलेज (दोन्ही १९६३), लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. जिल्ह्याच्या ठिकाणांपाठोपाठ तालुक्याची ठिकाणेही पुढे आली. हदगाव येथे श्री दत्त कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, भोकर येथे दिगंबरराव बिंदू महाविद्यालय, किनवट येथे बळीराम पाटील महाविद्यालय, माहूर येथे श्री रेणुकादेवी महाविद्यालय व पुढे हिमायतनगर येथे हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय अशी नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील महाविद्यालयांची साखळी तयार झाली. ह्यांतील काही नावे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे स्मरण करून देतात. ज्या शासनास आखाड्यांचेही भय वाटत होते, त्याच्याशी झगडलेल्या पिढीचे हे स्मारक मैदानावरील गुणफलकापर्यंत पोहोचले आहे.

विद्यापीठाच्या स्पर्धांची रचना साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. विद्यापीठाचा शारीरिक शिक्षण विभाग वर्षारंभी कार्यक्रम आखतो व निरनिराळ्या खेळांचे यजमानपद निरनिराळ्या महाविद्यालयांकडे सोपवितो. सांघिक खेळांसाठी महाविद्यालयांचे प्रदेशवार गट पाडतात. गटांतील विजेते संघ मध्यवर्ती स्पर्धेत उतरतात व त्या स्पर्धेत निवड समितीच्या नजरेस पडलेल्या खेळाडूंचे शिबिर घेऊन विद्यापीठाचा संघ निश्चित होतो. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूस ‘कलर होल्डर’ म्हणण्याची प्रथा आहे. महाविद्यालयाच्या पातळीवर हे सर्व काम जिमखाना विभागाकडे असते. त्याचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जिमखाना शुल्कातून भागतो. ज्या महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या कमी, त्याचा जिमखानाही साहजिकच गरीब राहतो. प्रवासभत्ता, भोजन, गणवेश व पंचांचे मानधन हे खर्च संघामागे जवळजवळ सारखेच असल्याने लहान महाविद्यालयास आपल्या उत्पन्नाचा कितीतरी मोठा वाटा एकेका स्पर्धेवर खर्च करावा लागतो. मोजक्याच खेळांत संघ पाठविण्याची तालुका महाविद्यालयांची वृत्ती बहुधा अनास्थेतून आलेली नसून ह्या हिशोबातून आलेली आहे.

खेळ व मैदाने : कोणत्या महाविद्यालयात कोणता खेळ रुजला, ह्याचे उत्तर पुष्कळदा जमिनीत सापडते. ४०० मी. च्या प्रमाणित धावमार्गास सु. १७७ मी. लांब व ९३ मी. रुंद इतकी सपाट जागा लागते. उलट, पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मी. × १० मी. व महिलांचे १२ मी. × ८ मी. असते आणि खो-खोचे २७ मी. × १६ मी. जागेत मावते. म्हणजे एका धावमार्गाने व्यापलेल्या जागेत कबड्डीची शंभरावर क्रीडांगणे आखता येतील. कबड्डीस साहित्य असे काहीच लागत नाही. खो-खोस दोन खांब पुरतात. व्हॉलीबॉलला एक जाळे व चेंडू लागतो. ह्यामुळे हे तीन खेळ तालुका महाविद्यालयांचे मुख्य खेळ बनले, तर क्रिकेट, टेनिस, पोहणे व बास्केटबॉल ह्यांत शहरी महाविद्यालयांचे प्राबल्य राहिले. कबड्डीचा आंतरविद्यापीठीय कार्यक्रमात १९६१ मध्ये समावेश झाला, ही घटना लहान महाविद्यालयांच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. गावच्या चावडीपुढे खेळलेल्या मुलास आपल्या खेळाच्या बळावर विद्यापीठाच्या संघात जाण्याची वाट त्यामुळे प्रथमच मोकळी झाली.

मराठवाड्यातील काळी कापसाची जमीन मात्र मैदानास प्रतिकूल असते. पावसाळ्यात ती फुगते व चिकट चिखल होतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तीवर मुरूम व बारीक माती टाकून, पाणी मारून व रोलर फिरवून मैदान तयार करावे लागते आणि हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते. स्पर्धांचा हंगाम सामान्यतः ऑगस्ट-सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत असतो. म्हणजे सरावाचे पहिले महिने चिखलात जातात आणि मैदान वाळते तेव्हा खरिपाच्या काढणीची घाई सुरू होते. सोयाबीनची कापणी व कापसाची वेचणी ह्या दिवसांत शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील विद्यार्थी घरच्या कामास जुंपलेला असतो. शहरी वेळापत्रकावरून आखलेल्या कार्यक्रमात ह्या गोष्टीस स्थान नसते.

हदगावचे स्थान : हदगाव हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण असून ते नांदेडहून अर्धापूर, वारंगाफाटामार्गे यवतमाळ-नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. नांदेडपासून त्याचे अंतर साठ-सत्तर किमी. भरते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग हिमायतनगर, किनवटवरून जातो. हदगाव शहर त्यापासून दूर पडल्यामुळे येथील संघांचा प्रवास मुख्यतः एस.टी. बसने होत आला आहे. जोवर विद्यापीठ औरंगाबादला होते, तोवर मध्यवर्ती स्पर्धेसाठी हदगावच्या खेळाडूस मराठवाड्याच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागे. सामना सकाळचा असल्यास आदल्या दिवशीच निघणे भाग पडे आणि पहिल्याच फेरीत हार झाली, तर दोन दिवसांचा प्रवास अर्ध्या तासाच्या खेळासाठी घडे. बाद पद्धतीच्या स्पर्धेचा हा दोष साखळी पद्धतीत राहत नाही. पण साखळी पद्धतीस अधिक दिवस व अधिक पैसा लागतो.

हदगावच्या उत्तरेस पैनगंगा नदी असून तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आहे. नांदेडच्या मानाने ते हदगावला पुष्कळच जवळ. दोन्ही गावांचे बाजारहाट, सोयरिकी व पीकपाणी एकच आहे. परंतु नदीपलीकडचा प्रदेश जुन्या वऱ्हाडात मोडत असल्याने उमरखेडचे महाविद्यालय प्रथम नागपूर व १९८३ पासून अमरावती विद्यापीठाशी संलग्न राहिले. त्यामुळे हदगाव व उमरखेड ह्यांचे संघ अधिकृत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांसमोर येऊ शकत नाहीत. उलट, हदगावच्या संघास उदगीर वा निलंग्याच्या संघाशी खेळण्यासाठी शंभर-दोनशे किमी. जावे लागते. सदस्यत्व शेजारावर नव्हे, तर संलग्नतेवर अवलंबून असल्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेतील लहान महाविद्यालयांच्या संघटनांत प्रवासाचे अंतर हा सदस्य निवडण्याचा एक प्रमुख निकष असतो, तर येथे जुनी संस्थानी सीमा खेळाडूच्या वाटेत अजून उभी आहे. नदीच्या दोन्ही काठांवरील संघ ग्रामीण मंडळांनी भरविलेल्या खुल्या कबड्डी सामन्यांत मात्र भेटतात व त्यांतील चुरस अधिकृत स्पर्धेहून कमी नसते.

सदस्यत्वातील बदल : मराठवाडा विद्यापीठाचे क्रीडाक्षेत्र नकाशावर स्थिर असले, तरी त्याचे घटक बदलत गेले. पहिला मोठा बदल १९७० नंतरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा शैक्षणिक आकृतिबंध महाराष्ट्रात लागू झाल्यामुळे घडला. अकरावी व बारावीचे वर्ग विद्यापीठाच्या कक्षेतून बाहेर पडून त्यांतील विद्यार्थी शालेय स्पर्धांकडे वळले. महाविद्यालयाचे नाव, मैदान व क्रीडाशिक्षक तेच राहिले. पण सोळा-सतरा वर्षांचा उमेदीचा खेळाडू आंतरमहाविद्यालयीन संघातून वजा झाला. ह्याच सुमारास परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (१९७२) व कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्र निराळे झाले.

दुसरा व अधिक मूलगामी बदल १९९४ मधील होय. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव राज्य विधिमंडळाने १९७८ मध्ये संमत केल्यानंतर उसळलेल्या दंगलींत नांदेड व परभणी जिल्ह्यांतील दलित वस्त्यांना मोठी झळ पोहोचली व तो प्रश्न सोळा वर्षे धुमसत राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरू होत. नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे त्याच्या कक्षेत असून १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही अर्थातच तीत आला. विद्यापीठाचे मुख्य आवार नांदेडजवळ विष्णुपुरी येथे, तर उपकेंद्र लातूर येथे आहे.

ह्या विभाजनाचा क्रीडाविषयक परिणाम साध्या गणिताने लक्षात येतो. कोणत्याही सांघिक खेळात एका विद्यापीठाचा एकच संघ पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. कबड्डी वा खो-खोच्या संघात बारा खेळाडू धरले, तर १९९४ पूर्वी संपूर्ण मराठवाड्यातून बाराच मुले व बाराच मुली पुढे जाऊ शकत. नंतर ही संख्या दुप्पट झाली. तालुका महाविद्यालयातील खेळाडूंना मिळालेली ही सर्वांत मोठी संधी होय. हदगावहून विद्यापीठाचे अंतरही एका सकाळच्या प्रवासाइतके झाले. ह्याच्या उलट बाजूस, औरंगाबाद, बीड व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) येथील बलाढ्य संघांशी नित्याचा संबंध तुटला. खो-खोच्या बाबतीत हे नुकसान विशेष जाणवण्याजोगे आहे, कारण धाराशिव हे त्या खेळाचे मराठवाड्यातील एक प्रमुख केंद्र असून भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार व अर्जुन पुरस्काराच्या (२०२०) मानकरी सारिका काळे तेथीलच आहेत. नव्या विद्यापीठातील लातूर व नांदेड ह्या दोन शहरांत एक प्रकारची स्पर्धा निर्माण झाली व यजमानपदे, शिबिरे आणि निवडी ह्यांच्या वाटपात ती अधूनमधून डोकावते. ह्या दोहोंच्या ओढाताणीत लहान तालुके बाजूस पडतात, ही तक्रारही जुनीच आहे.

त्यानंतरचे बदल व्यावसायिक शाखांशी संबंधित आहेत. नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या स्थापनेमुळे (१९९८) नांदेड व लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालये ह्या क्षेत्रातून बाहेर पडली. २०१० नंतरच्या दशकात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठास संलग्नतेचे अधिकार मिळाल्यावर अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये तिकडे गेली. परिणामी एका रस्त्याच्या दोन बाजूंस असलेली महाविद्यालये परस्परांशी अधिकृत सामना खेळू शकत नाहीत, अशी स्थिती उद्‌भवली. राहिलेल्या सदस्यांत कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची ग्रामीण महाविद्यालये बहुसंख्य आहेत. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर क्रीडा क्षेत्रातील प्रावीण्याबद्दल एका विद्यार्थ्याची नियुक्ती करण्याची तरतूद केली, तर २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळास विद्यापीठाच्या रचनेत वैधानिक स्थान दिले. राज्यातील विद्यापीठांची एकत्रित स्पर्धा राज्यपालांच्या, म्हणजेच कुलपतींच्या, पुढाकाराने ‘अश्वमेध’ ह्या नावाने भरू लागल्यापासून पश्चिम विभागाच्या आधी आणखी एक पायरी उपलब्ध झाली आहे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा प्रथम भरल्या. त्यानंतर लगेच आलेल्या करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ ह्या वर्षी बहुतेक स्पर्धांना खंड पडला. पदवीच्या तीनच वर्षांत खेळण्याची संधी असलेल्या विद्यार्थ्यांचे एक वर्ष त्यामुळे भरून न येण्यासारखे गेले.

खेळाडूंची स्थिती : ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठाच्या संघात निवड होण्याचे महत्त्व केवळ खेळापुरते नसते. शासकीय व निमशासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये जाहीर केले. पोलीस व सैन्य दलांच्या भरतीत मैदानी सरावाचा थेट उपयोग होतो. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या हदगाव, हिमायतनगर, किनवट ह्या भागांतील पहाटेच्या वेळी रस्त्याकडेने धावणारी मुले बहुधा भरतीची तयारी करणारी असतात व तीच पुढे महाविद्यालयाच्या क्रॉसकंट्री संघात दिसतात. प्रमाणपत्रास नोकरीचे मूल्य आल्याबरोबर बनावट प्रमाणपत्रांचाही सुळसुळाट झाला. राज्यात उघडकीस आलेल्या अशा प्रकरणांनंतर शासनाने क्रीडा प्रमाणपत्रांच्या पडताळणीची पद्धत कडक केली. तिचा भार खऱ्या खेळाडूवरही पडतो, कारण जुन्या स्पर्धेचे अभिलेख नीट न ठेवणाऱ्या यजमान संस्थेच्या चुकीची शिक्षा त्यासच भोगावी लागते. महाविद्यालयाच्या दप्तरातील प्रवेशिका, गुणपत्रके व संघांच्या याद्या ह्यांचे जतन हा म्हणूनच इतिहासाइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

महिलांचा सहभाग उशिरा वाढला. मिश्र महाविद्यालयांत मुलींची संख्या मर्यादित असेपर्यंत कबड्डीचा सात जणींचा किंवा खो-खोचा नऊ जणींचा संघ उभा करणे हेच मोठे काम असे. मुक्कामी प्रवासास घरून परवानगी मिळणे, सोबत महिला प्राध्यापिका असणे व यजमान महाविद्यालयात निवासाची योग्य सोय असणे ह्या तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागत. विद्यापीठ नांदेडला आल्याने बऱ्याच स्पर्धा एका दिवसात आटोपून घरी परतणे शक्य झाले. मुलींच्या संघांची संख्या वाढण्यास जी कारणे झाली, त्यांत हे एक साधे कारण विसरता येत नाही.

नांदेड-लातूर भागाची क्रीडाकीर्ती सर्वस्वी महाविद्यालयांवर उभी आहे, असे मात्र नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार व अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार हे मल्ल तालमींच्या परंपरेतून घडले. नांदेड येथील गुरू गोविंदसिंगजी सुवर्ण व रौप्य चषक अखिल भारतीय हॉकी स्पर्धा शहरातील शीख समाजाच्या क्रीडाप्रेमातून वाढली. मुखेड तालुक्यातील भाग्यश्री जाधव ह्या गोळाफेकपटूने अपंगत्वावर मात करून पॅरिस येथील पॅरालिंपिकच्या (२०२४) उद्‌घाटनप्रसंगी भारताचा ध्वज धरण्याचा मान मिळविला. तालीम, मंडळ व महाविद्यालय ह्या तीन संस्थांत देवाणघेवाण आहे. तालमीतला मल्ल महाविद्यालयात नाव दाखल करून आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत उतरतो आणि पदवी संपताच पुन्हा तालमीत परततो. कबड्डीपटूच्या बाबतीत गावचे मंडळ हीच तालीम असते. पदवीनंतर ज्यास नोकरी लागत नाही, तो त्याच मंडळाकडून नदीअलीकडच्या-पलीकडच्या खुल्या सामन्यांत खेळत राहतो व पुढे बहुधा त्या सामन्यांचा पंच होतो.